आरव्ही चुकीच्या रस्त्याला लागली तर?

प्रश्न: न्यू जर्सीहून २५ फुटी आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन न्यूयॉर्कच्या बाजूला जाणार आहोत. जीपीएसने भलत्याच रस्त्याला लावलं तर काय करायचं?

उत्तर: कारच्या जीपीएसला तुमच्या गाडीची उंची कळत नाही, खरी गोम तिथेच आहे. छतावरच्या एसीसकट जमिनीपासून उंची टेपने मोजा (अशा गाड्या बहुतेक ११-१२ फूट भरतात) आणि आकडा डॅशबोर्डवर चिकटवा. न्यूयॉर्कच्या 'पार्कवे'वर (मुख्यतः कारसाठी बांधलेल्या रस्त्यांवर) चढूच नका. तिथे आरव्हीला सहसा बंदी असते आणि जुने कमानी पूल ठेंगणे आहेत. कमानीची उंची मधोमध जास्त, कडेला कमी.

पुढे ठेंगणा पूल दिसला, तर हझार्ड दिवे (चारही इंडिकेटर) लावून थांबा. एकट्याने रिव्हर्स घेऊ नका. एकाने खाली उतरून ड्रायव्हरच्या आरशात दिसेल असं मागे उभं राहावं. तो दिसेनासा झाला की ब्रेक. मागे कार ओढत असाल तर आधी ती सोडवा, नाहीतर तिची चाकं वाकडी होऊन जोडणी मोडते.

वळताना मागच्या चाकांपलीकडचा भाग उलट दिशेला फिरतो. उजवीकडे वळताना डावीकडचा खांब बघा. पेट्रोल पंपावर तर नक्कीच!