ट्रोलिंग मोटरवरच्या ट्रान्सड्यूसरची केबल शाफ्टला आवळून बांधावी का?

तुम्ही विचारलंय की बोटीच्या नाळेवरच्या (पुढच्या टोकावरच्या) ट्रोलिंग मोटरला, म्हणजे मासेमारीत बोट हळू चालवायच्या छोट्या विजेच्या मोटरला, खाली सोनारचा ट्रान्सड्यूसर (पाण्यात आवाजाचे ठोके सोडून तळावरून येणारा प्रतिध्वनी ऐकणारा भाग) बसवला आहे, तर त्याची केबल शाफ्टला, म्हणजे मोटरच्या उभ्या दांड्याला, खालपासून वरपर्यंत झिप टायने (प्लास्टिकच्या पट्ट्यांनी) आवळून टाकू का, आणि उरलेली केबल कापून छोटी केली तर चालेल का. पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं अजिबात नाही. एवढं लिहून थांबणार होतो, पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही म्हणता, "म्हणजे काम नीटनेटकं दिसेल." हे वाक्य आमच्या साडूभाऊंच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही.

मी डेट्रॉईटजवळ राहतो आणि गाड्यांच्या वायरिंग हार्नेसचं, म्हणजे वायरींच्या जुडग्यांचं, डिझाइन करतो. दार, डिकी, सीट अशा हलणाऱ्या भागातून वायर कशी न्यायची, याचाच मला पगार मिळतो. तुमच्या गाडीचं दार उघडून बिजागरीपाशी बघा. रबरी नळीत वायरींचा जुडगा ढिला सोडलेला दिसेल. तो कोणाच्या आळसामुळे ढिला राहिलेला नाही. साडूभाऊ दुसऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहेत. फाइव्ह एस, म्हणजे कारखान्यातली नीटनेटकेपणाची पद्धत, त्यांच्या अंगात इतकं भिनलंय की घरच्या गॅरेजमध्येही भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली आहे, पाना गेला की जागा ओरडून सांगते. माणूस चांगला. पण लोंबणारी वायर दिसली की त्यांचा हात झिप टायच्या पाकिटाकडे जातो.

त्यांनी एक सेकंडहँड ॲल्युमिनियमची बोट घेतली, पुढे 24 व्होल्टची इलेक्ट्रिक स्टिअरिंगवाली मोटर. आम्ही ती डेट्रॉईटजवळच्या लेक सेंट क्लेअरवर न्यायचो, स्मॉलमाउथ बास आणि वॉलआय या माशांसाठी. हे तळं अवाढव्य पण उथळ, सरासरी खोली जेमतेम 11 फूट. उथळ असल्यामुळे वारा थोडा वाढला की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि नाळ वरखाली आपटायला लागते. हे एवढ्यासाठी सांगतोय की पुढची सगळी भानगड या लाटांमुळे झाली.

ट्रान्सड्यूसर बसवायच्या दिवशी मी म्हटलं, खालच्या मोटरपासून माउंटपर्यंत, म्हणजे मोटर बोटीला धरून ठेवणाऱ्या चौकटीपर्यंत, केबलला चांगला ऐसपैस झोळ द्या. साडूभाऊ म्हणाले, "अहो, ही लोंबती केबल काय बरी दिसते? पंख्यात गेली म्हणजे?" बोट त्यांची, पैसे त्यांचे. शाफ्टला वीतभर अंतराने झिप टाय, वरून टोकं कापलेली, आणि माउंटच्या खालून बाजूच्या पट्टीपर्यंत केबल सतारीच्या तारेसारखी ताठ. फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला. दिसत होतं सुंदरच.

पण त्यांनी माप घेतलं ते बोट ट्रेलरवर असताना, शाफ्ट त्या वेळी ज्या उंचीवर होता त्या उंचीला. पाण्यावर काय होतं? लाटा आल्या की पंखा पाण्याबाहेर येऊन हवेत गुरगुरतो, म्हणून आपण शाफ्टची उंची धरून ठेवणारी कॉलर सैल करून शाफ्ट अर्धा-एक फूट आणखी खाली सोडतो. तो अर्धा फूट कुठून आला? केबलमधून. त्यात स्पॉट-लॉक, म्हणजे जीपीएसवर बोट एका जागी धरून ठेवायची सोय. वाऱ्यात ती चालू असली की मोटर सतत डावी-उजवी वळत राहते, कधी पूर्ण गिरकी घेते, आणि तुम्ही गळाकडे बघत असता, मोटरकडे नाही. दर गिरकीला केबल शाफ्टभोवती एक वेढा घेते. ढील आधीच शून्य.

एके दिवशी मोटर उजवीकडे वळली की स्क्रीनवरचा तळ गायब व्हायला लागला. डावीकडे वळली की परत हजर. मी म्हटलं केबल. ते म्हणाले सॉफ्टवेअर अपडेट करायला हवं. अपडेट झालं. मग म्हणाले बॅटरी. नवी बॅटरी आली. मग स्क्रीनवर मोटरच्या वेगाबरोबर कमीजास्त होणाऱ्या रेघा यायला लागल्या, तेव्हा ट्रान्सड्यूसरच खराब, असा निकाल लागला. नवा मागवला आणि त्याच झिप टायच्या रांगेत, त्याच मापाने, त्याच ताठपणे बांधला. मौसम संपायच्या आत नव्याचाही तळ उजवीकडे वळताना गायब.

जुन्या ट्रान्सड्यूसरची केबल मी मागून घेतली होती. घरी आणून, जिथे ती माउंटच्या कडेवरून वाकत होती, तिथे सुरीने उभी चिरली. बाहेरून नुसता एक दाबल्याचा व्रण होता, नखाला लागेल न लागेल असा. आत तारांभोवती विणलेली तांब्याची जाळी हिरवी-काळी पडलेली, एका बाजूने तुटून तिचे केस झालेले, आणि तिथून दोन्ही बाजूंना बोटभर पाणी चढलेलं. जाळीच्या आतली एक बारीक तार इन्शुलेशनमध्ये तुटलेली होती, म्हणजे केबल एका बाजूला वाकवली की टोकं चिकटायची, दुसऱ्या बाजूला वाकवली की सुटायची. उजवी-डावीचं कोडं तिथेच संपलं. हा तुकडा मी दिवाळीच्या फराळाला त्यांच्यासमोर ठेवला, तर वहिनी म्हणाल्या, "ती घाण आधी चकलीजवळून उचला." साडूभाऊंनी तो हातात धरून पाहिला आणि म्हणाले, "मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट दिसतोय." क्वालिटीतला माणूस! अजूनही चार लोकांत विषय निघाला की ते हेच सांगतात.

रेघांचं कारणही तेच, पण ते जरा उलगडून सांगतो, कारण इथे बहुतेक जण भलतीकडे पैसे घालवतात. ट्रान्सड्यूसरला पाठवायचा ठोका जोरदार असतो, पण तळावरून परत येणारा प्रतिध्वनी अगदी क्षीण. तो त्याच केबलमधून स्क्रीनकडे जातो. शेजारी ट्रोलिंग मोटर बसलेली, जी पूर्ण वेगात पन्नासच्या वर अँपियर सहज ओढते, आणि मधल्या वेगांना तिचा कंट्रोलर तो करंट सेकंदात हजारो वेळा चालू-बंद करून वेग सांभाळतो. या गोंगाटापासून त्या क्षीण प्रतिध्वनीला वाचवणारं एकच काही आहे, ती तांब्याची जाळी. ती तुटली की महागातला महाग फिशफाइंडरही (सोनारचं स्क्रीनवालं यंत्र) मोटरचाच आवाज रंगवत बसतो. म्हणून केबल कापायची नाही. कापून जोडताना आतल्या तारा जुळवता येतील, पण जाळी पहिल्यासारखी सलग आणि जोड पाणबंद, हे गॅरेजमध्ये बसून होत नाही. वॉरंटी जाते ती वेगळीच.

घोळ केबलचा आहे की नुसत्या विजेच्या गोंगाटाचा, हे धक्क्याला बोट बांधून पाच मिनिटांत कळतं. सोनार चालू, मोटर पाण्यात, पंखा बंद. आता मोटरचं डोकं हाताने किंवा रिमोटने हळूहळू दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि एकाने स्क्रीनकडे बघत राहा. मग केबल माउंटपाशी, डेकच्या भोकापाशी, प्लगपाशी हलकी वाकवून बघा. पंखा बंद असताना चित्र तुटलं तर केबल किंवा प्लग. पंखा फिरायला लागल्यावरच बिघडलं, आणि वेगाबरोबर बदललं, तर आधी सोनारची पॉवर तपासा. ती ट्रोलिंग मोटरच्या बॅटरीवरून घेतली असेल तर तिथेच गडबड आहे. इंजिनच्या बॅटरीवरून घ्या, नाहीतर छोटी वेगळी 12 व्होल्टची बॅटरी ठेवा, बॅटरीजवळ फ्यूज लावून. मात्र जाळी अर्धवट तुटलेली असली तर दोन्ही लक्षणं एकत्र दिसतात, आमच्यासारखी.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. बांधायचं कुठे? जिथे केबल आणि ती ज्याला बांधायची ती वस्तू एकत्र हलतात तिथे घट्ट, आणि जिथे एक हलते, दुसरी नाही, तिथे मोकळी. ट्रान्सड्यूसरपासून शाफ्टवर पहिले एक-दोन टाय मोटरच्या लगेच वर, केबल पंख्याच्या पुढच्या बाजूने न नेता शाफ्टच्या बाजूने वर. शाफ्टचा जो भाग मोटर उचलताना माउंटमधून सरकतो, तिथे एकही टाय नको, तो अडकतो. तिथून माउंटच्या स्थिर भागापर्यंत झोळ. झोळाचं माप असं घ्या: शाफ्ट जास्तीत जास्त खाली सोडा, मोटर एका बाजूला पूर्ण वळवा, आणि तरीही केबल सैल राहिली पाहिजे. मग दुसऱ्या बाजूला. मग मोटर उचलून आडवी करा आणि ती ज्या पाळण्यात बसते तिथे केबल चिमटत नाही ना ते खाली वाकून, डोळ्यांनी बघा. सतत वाकणाऱ्या जागी केबलच्या जाडीच्या दहापट त्रिज्येचं वळण, हा आमच्या धंद्यातला ढोबळ हिशोब. टाय काळे, उन्हात टिकणारे घ्या, केबलवर आधी सिलिकॉनच्या टेपचा एक वेढा द्या, आणि टाय इतपतच ओढा की केबल बोटाने सरकवता येईल. डेकमधून खाली नेताना भोकाला रबरी ग्रोमेट (कडेवर बसणारं कडं) हवाच, ॲल्युमिनियमची कड सुरीच असते. मोटरची पॉवर केबल एका बाजूने येत असेल तर ही दुसऱ्या बाजूने न्या. ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात. उरलेली केबल डेकखाली मोठ्या सैल आठाच्या आकारात ठेवा, घट्ट गुंडाळी करून मोटरच्या वायरीवर टाकू नका.

साडूभाऊंची पंख्याची भीती अगदीच खोटी नाही, हेही सांगून टाकतो. झोळ खाली पंख्यापर्यंत पोचला तर एका गिरकीत केबल संपली. म्हणून झोळ वरच्या बाजूला, माउंटच्या उंचीला राहील असा ठेवायचा. आणि पायातल्या पेडलच्या तारेने वळणारी जुन्या धाटणीची मोटर असेल तर ती सारखी एकाच दिशेने फिरत नाही, तिथे वेढ्यांचा त्रास फारसा नाही, थोडी ताठ केबलही खपून जाते. इलेक्ट्रिक स्टिअरिंगवर मात्र झोळ कितीही दिला तरी वारं असलेल्या दिवशी वेढे पडतातच, मधूनमधून बघून उलटे फिरवून काढावे लागतात. काही मोटरींमध्ये ट्रान्सड्यूसर आतच असतो आणि केबल शाफ्टच्या पोटातून येते. तुमची तशी असेल तर वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. लाइव्ह सोनारचा (माशांची हालचाल त्याच क्षणी दाखवणाऱ्या सोनारचा) जाड केबलवाला ट्रान्सड्यूसर असेल तर तो ट्रोलिंग मोटरवर न लावता वेगळ्या खांबावर लावा, असं माझं मत. मोटर बोट धरायला वळणार आणि तुम्हाला बघायचं असणार भलतीकडे. यावरही साडूभाऊंचं मत वेगळं आहे.

आणि कोणी "आणा, मी मस्त बांधून देतो" म्हणत झिप टायचं पाकीट घेऊन बोटीवर चढला, तर पहिला टाय ओढायच्या आधी त्याला मोटर पूर्ण खाली सोडून, दोन्हीकडे वळवून, परत उचलून दाखवायला लावा. नातेवाईक असला तरी.