तो दिसला नाही ना? मग झकास खेळला

मागच्या अंकात अमेरिकन फुटबॉलवर चार ओळी खरडल्या आणि पत्रांचा पाऊसच पडला. निम्म्या लोकांनी झापलंय, उरलेले सगळे हिंजवडीवाले दिसतायत, नाइट शिफ्ट करता करता ह्या खेळाचं व्यसन लागलेले. माझंही तसंच झालं होतं म्हणा, क्लीव्हलंडला दीड वर्ष ऑनसाइट होतो तेव्हा. ह्यावेळी जरा सविस्तर घेतो.

प्रश्न : आमच्या टीमचा लेफ्ट टॅकल, वय ३५, सप्टेंबरात इतका वाईट खेळला की त्याच्या बाजूनं येऊन क्वार्टरबॅकला सारखं आडवं करत होते, घरच्या मैदानावर लोकांनी हुर्यो उडवली. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर तर आम्ही त्याला रिटायर करून मोकळे झालो होतो. पण ऑक्टोबर संपता संपता काय झालं कुणास ठाऊक, गेल्या चार मॅच माणूस भिंतीसारखा उभा आहे. हे खरंच फॉर्मात येणं आहे का समोरचेच पडेल होते? टीमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, दृष्ट लागते. — एक वाचक, बाणेर

नाव नाही लिहिलंत ते बरंच केलंत, माझी दृष्ट तर प्रसिद्ध आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड गडी ओळीत बसतात, मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. एकेकाचं वजन १४० किलोच्या आसपास. ह्यांना सहसा बॉल मिळत नाही, पॉइंट मिळत नाहीत, ह्यांचं काम एकच, समोरचा आपल्या क्वार्टरबॅकपर्यंत पोचता कामा नये. आणि गंमत बघा, स्कोअरकार्डात ह्यांच्यासाठी रकानाच नसतो. चुकले तरच नाव येतं, समोरच्याला धरून ठेवलं की होल्डिंग, १० यार्ड मागे, बॉल सुरू व्हायच्या आधी हलला की फॉल्स स्टार्ट, ५ यार्ड मागे. म्हणजे तीन तासांत कॉमेंटेटरनं त्याचं नाव एकदाही घेतलं नाही तर समजायचं गडी झकास खेळला.

आता तुमच्या प्रश्नाकडे. सप्टेंबरात म्हातारे टॅकल रडतखडत चालतात ह्यात मला तरी नवल वाटत नाही. सीझनआधीच्या सराव मॅचमध्ये अनुभवी लोकांना बहुतेक बसवूनच ठेवतात, उगाच दुखापत नको म्हणून. शिवाय लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११च्या करारापासून सीझन चालू असताना पूर्ण पॅड घालून प्रॅक्टिस घ्यायला मर्यादा आहे, सबंध सीझनमध्ये १४ वेळा. आणि लाइनमनचं काम असं आहे की ते हाफ चड्डीत शिकताच येत नाही हो, १४० किलोचा माणूस अंगावर आला की कंबर किती खाली न्यायची हे तो अंगावर आल्याशिवाय कळत नाही, तालमीत नुसत्या जोर-बैठका मारून कुस्ती येते का, जोडीदार लागतोच. त्यात पस्तिशीच्या गड्याला आठवड्यातून एक दिवस कोच आरामच देतात, गुडघे टिकावेत म्हणून. मग त्याची खरी प्रॅक्टिस कुठे होणार, तर पहिल्या चार मॅचमध्ये, सत्तर हजार लोकांसमोर.

दुसरं म्हणजे पाय. पुढच्या रविवारी एक करा, बॉलकडे अजिबात बघू नका, फक्त त्याच्या पायांकडे बघा. लेफ्ट टॅकल तिरका मागे सरकतो, उजव्या पायानं जमीन रेटायची, डावा मागे टाकायचा, परत उजवा ओढून घ्यायचा, दोन्ही पाय एकमेकांना कधीच लागू द्यायचे नाहीत. किक स्लाइड म्हणतात त्याला. हे सगळं अडीच-पावणेतीन सेकंदांचं काम, तेवढ्यात बॉल हातातून सुटतो. तरुणपणी एखादं पाऊल चुकलं तर पुढच्या पावलात भरून काढता येतं, वयाबरोबर सगळ्यात आधी जातं ते हे भरून काढणारं पाऊल. ते गेल्याचं त्याला स्वतःला सगळ्यांच्या आधी कळतं, मग तो घाबरून गरजेपेक्षा जास्त बाहेर सरकायला लागतो, हा आपल्याला वळसा घालून जाईल म्हणून, आणि समोरचा पोरगा काय करतो, बाहेरची हूल देतो आणि आतून घुसतो. तुमच्या गड्याला सप्टेंबरात बहुतेक वेळा आतूनच मारलं असेल, जुने क्लिप काढून बघा.

म्हणून मी ह्याला जुना फॉर्म परत आला असं म्हणत नाही. जुनं काही परत येत नसतं, तो नवीन हिशोब मांडतो. दोन्ही हात एकदम मारायच्या ऐवजी एकच हात आधी टाकतो, म्हणजे हुकला तरी तोल जात नाही. कधी मागे न सरकता पहिल्याच क्षणाला जाऊन भिडतो, कधी मुद्दाम उशीर करतो, म्हणजे समोरच्याला ताल सापडत नाही. पस्तिशीच्या माणसाकडे ताकद कमी पण खोड्या भरपूर.

आणि तिसरी गोष्ट, जी टीव्हीवर कुणी सांगत नाही, शेजारचा गार्ड कोण आहे? नवीन आलाय का? कबड्डीतला डावा कोपरा आणि त्याच्या शेजारचा इन आठवा, हातात हात असतो, इन जरा लवकर सुटला की कोपरा उघडा पडतो आणि लोक शिव्या कोपऱ्यालाच घालतात. इथेही तसंच, समोरचे दोघं धावता धावता जागा बदलतात, बाहेरचा आत, आतला बाहेर, आणि ह्या दोघांनी न बोलता आपापला माणूस एकमेकांच्या हवाली करायचा असतो. न बोलता म्हणजे खरंच न बोलता, परक्या मैदानावर एवढा गोंगाट असतो की बॉल सोडायचा इशारासुद्धा गार्ड सेंटरला हातानं टपली मारून देतो. अशी जोडी जमायला पाच-सहा मॅच लागतातच.

आता समोरचे पडेल होते का? असतीलही. बघायचं कसं सांगतो. त्याच्या बाजूला टाइट एंड, म्हणजे अडवणारा आणि पासही झेलणारा गडी, उभा करतायत का, किंवा रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, जाता जाता समोरच्याला खांदा मारून जातोय का, हे बघा. अशी मदत चालू असेल तर कोचला अजून भरवसा नाही असं समजा. ती मदत काढून घेतली आणि थर्ड डाउनला, म्हणजे दहा यार्ड पुढे सरकायला मिळणाऱ्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, दहा-बारा यार्ड हवे असताना, म्हणजे पास येणार हे चहावाल्यालाही माहीत असताना, तो एकटा उभा राहिला तर माझ्याकडून चहा. ते वेबसाइटवाले प्रत्येक लाइनमनला मार्क देतात त्यावर मात्र फार विसंबू नका, त्याला नेमकं कोणाला अडवायला सांगितलं होतं हे मार्क देणाऱ्याला बाहेरून कसं कळणार?

वयाचं म्हणाल तर अँड्र्यू व्हिटवर्थ बघा. लॉस एंजेलिसच्या रॅम्स टीमचा लेफ्ट टॅकल, नोव्हेंबर २०२०मध्ये गुडघ्याचे लिगामेंट दुखावले, वय ३८. सगळ्यांनी हात जोडले. जानेवारीत प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीला, परत उभा, आणि पुढच्या सीझनला, फेब्रुवारी २०२२मध्ये, चाळिसाव्या वर्षी सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला, २३–२०, तोही सिनसिनाटीला हरवून, जिथे त्यानं आधी ११ सीझन काढले होते. ती त्याची शेवटची मॅच. किंवा जेसन पीटर्स, फिलाडेल्फियाचा, २०१२मध्ये घोट्यामागची अकिलीसची शीर तुटली आणि दोन महिन्यांत परत तुटली, ते अख्खं वर्ष गेलं, २०१३ला येऊन थेट ऑल-प्रो, म्हणजे लीगमधल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम गड्यांच्या यादीत. तेव्हा तुमच्या ग्रुपला सांगा, माफी मागायची तयारी ठेवा, पण डिसेंबरपर्यंत थांबा.

प्रश्न : आमचा नातू रविवारी रात्री साडेदहाला टीव्हीसमोर बसतो तो उठत नाही. हे लोक बॉल हातात घेऊन पळतात, मग फुटबॉल कशाला म्हणायचं? — एक आजी, सदाशिव पेठ

आजी, प्रश्न रास्त आहे. हा खेळ रग्बी आणि आपल्या नेहमीच्या फुटबॉलमधून निघाला आणि नाव तसंच चिकटलं. पायाचं काम अगदीच नाही असं नाही, मॅचची सुरुवातच लाथ मारून होते आणि खांबांच्या मधून बॉल मारला की ३ पॉइंट. बाकी नातू रात्री साडेदहाचीच बघतोय तोवर सुखी आहात, सोमवारी पहाटे पावणेसहाचीपण असते.

प्रश्न : मी ३६ वर्षांचा, मंडळाच्या टीमकडून डावा कोपरा खेळतो. दिवाळीआधी मांडीमागचा स्नायू ओढला गेला, आता बरा आहे पण पाय पकडायला जायची हिंमतच होत नाही, अर्धा क्षण थांबतो तेवढ्यात चढाईवाला बोनस घेऊन जातो. कोच बसवायला लागलेत. निम्मे सामने बाकी आहेत. काय करू? — एक खेळाडू, हडपसर

भाऊ, स्नायू बरा झाला हे तुम्ही म्हणताय का फिजिओ? आधी ते नक्की करा, ते माझं काम नाही.

पण तो अर्धा क्षण मला चांगला माहितीये, मी पण डावा कोपराच होतो, कॉलनीच्या टीमचा. तुम्ही वर बाणेरच्या वाचकाचं उत्तर वाचा, तुमचीच गोष्ट आहे. तुम्ही अजून पंचविशीतली पकड करायला जाताय, लांबून झेप टाकून अँकल होल्ड. ती पकड काही दिवस विसरा. अर्धं पाऊल मागे उभे राहा, चढाईवाल्याला आत येऊ द्या, आणि पहिला हात तुमच्या इनला टाकू द्या, तुम्ही मागून दार बंद करा. इनबरोबर सरावाला रोज दहा मिनिटं नुसतं साखळीनं मागेपुढे चालायचं, चढाईवाला नकोच, फक्त दोघांचे पाय एका तालात पडले पाहिजेत. आमचे वस्ताद हे करायला लावायचे तेव्हा आम्हाला हसू यायचं, लग्नात नवरा-नवरी सात पावलं चालतात तसं दिसायचं ते.

आणि डोक्याचं पण बघा. लेन जॉन्सन, हा पण फिलाडेल्फियाचाच, उजवा टॅकल, एवढा पहाडासारखा माणूस, २०२१मध्ये ऐन सीझनमध्ये तीन मॅच गायब. लोकांनी काय काय तर्क लढवले. मग त्यानं स्वतःच सांगितलं की नैराश्य आणि अँग्झायटीचा त्रास होता, उपचार घेत होतो. त्याच ऑक्टोबरात परत आला आणि आपली जागा परत धरली, पुढेही वर्षानुवर्षं खेळत राहिला. आपल्याकडे मंडळात कुणी असं बोललं तर पोरं चहाच्या टपरीवर महिनाभर खेचतील, मला माहितीये. तरी कोचशी एकदा एकट्यात बोला, "पाय बरा आहे पण भीती वाटते" एवढंच. बसवायचं तर ते बसवतायतच, त्याहून वाईट काय होणार आहे.

प्रश्न : हे लाइनमन एवढं वजन कसं सांभाळतात आणि रिटायर झाल्यावर त्याचं काय होतं? माझा मुलगा जिममध्ये त्यांचे व्हिडिओ बघून सकाळी आठ अंडी मागतो. — एक आई, कर्वेनगर

मुलाला जो थॉमसचे दोन फोटो दाखवा, खेळतानाचा आणि नंतरचा. क्लीव्हलंडचा लेफ्ट टॅकल, २००७पासून एकही डाव न चुकवता सलग १०,३६३ डाव खेळला (डाव म्हणजे बॉल सुटल्यापासून थांबेपर्यंतचा एक खेळ). २०१७च्या ऑक्टोबरात दंडाचा मागचा स्नायू फाटला तेव्हाच ही साखळी तुटली. एवढ्या वर्षांत टीम एकदाही प्लेऑफला गेली नाही, त्या २०१७ला तर १६च्या १६ मॅच हरली, तरी हा माणूस २०२३ला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे ह्या खेळातल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेला. मी त्याला वरच्या स्वस्तातल्या सीटवरून बघितलंय, मागच्या तळ्यावरून असा बोचरा वारा यायचा की कॉफी हातातच गार व्हायची, आणि आजूबाजूचे म्हातारे टीमला यथेच्छ शिव्या घालायचे पण ७३ नंबरचं नाव निघालं की गप्प.

तर रिटायर झाल्यावर त्यानं वीसेक किलो वजन उतरवलं, आता बघितलं तर ओळखू येत नाही. खेळत होता तोवर भूक नसतानाही वजन टिकवायला खावं लागायचं, ते थांबलं. म्हणजे ते वजन हौसेचं नाही, कामाचं आहे, युनिफॉर्मसारखं. तुमच्या मुलाच्या अंगावर कुणी १२० किलोचा माणूस धावून येणार नसेल तर दोन अंडी आणि पोळी-भाजी पुरे. आठ हवीच असतील तर मंडईतून स्वतः आणायला सांगा, आपोआप कमी होतील.

प्रश्न : नोव्हेंबरपासून मॅच एक तास उशिरा का सुरू होतात? — एक वाचक, वारजे

अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात, आपण घेत नाही. साडेदहाची मॅच साडेअकराला, आणि सोमवार पहाटेची ५:५० ची ६:५० ला. दूध आणून, चहा टाकून आरामात बसता येतं. नऊच्या स्टँडअप कॉलला मात्र कॅमेरा बंद ठेवा.