कमेंट शिळी की आकडा शिळा?

प्रश्न : ताई, मी लिनक्सवर चालणाऱ्या एका यंत्राच्या ड्रायव्हरवर काम करतो. टायमरचा कोड वीसेक वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्यातल्या कमेंट (कोडशेजारी लिहिलेल्या टिपा) वाचवत नाहीत. कोडमध्ये 'जिफीज + ५' (जिफी म्हणजे सिस्टीमच्या घड्याळाचा एक ठोका), शेजारी '५० मिलिसेकंद थांबा'. पुढे, 'कॅस्केडिंगच्या वेळी उशीर होईल, सांभाळा'. एकाच पॅचमध्ये (म्हणजे बदलांच्या एकाच गठ्ठ्यात) सगळ्या उडवू का? सिनियर म्हणतात, चालतंय ना, मग हात लावू नकोस.
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : सिनियरचं मला पटत नाही, पण सरसकट उडवूही नका. त्या ५० मिलिसेकंदांचंच बघा. २.४ कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) काळात पीसीवर एचझेड, म्हणजे सेकंदाला पडणारे ठोके, १०० असायचा, म्हणजे एक जिफी १० मिलिसेकंदांची. पाच जिफींचे ५०. लिहिणाऱ्यानं अगदी बरोबर लिहिलं होतं. २.६ मध्ये एचझेड १००० झाला आणि २.६.१३ पासून तो कर्नल बिल्ड करताना निवडता येतो. तुमच्याकडे २५० असेल, तर तीच ओळ आज जेमतेम २० मिलिसेकंद थांबते. मग शिळं काय झालं, कमेंट की तो ५? चिपची डेटाशीट (तिचं माहितीपत्रक) उघडा. तिला खरंच ५० लागत असतील तर कमेंट खरी, कोड खोटा. ५ काढून तिथे मिलिसेकंदांच्या जिफीज करून देणाऱ्या 'एमसेक्स टू जिफीज'मध्ये ५० लिहा. आकड्याची कमेंट मग आपोआप फालतू ठरते. चिपला एवढा वेळ कशाला लागतो, ते मात्र लिहून ठेवा.

कॅस्केडिंगची, म्हणजे टायमर एका स्तरातून खालच्या स्तरात हलवण्याबद्दलची कमेंट बिनधास्त काढा. २०१६ साली ४.८ मध्ये थॉमस ग्लाइक्सनर यांनी टायमर व्हील (कर्नल टायमर सांभाळतो ती रचना) नव्यानं लिहिलं, तेव्हाच ते गेलं.

हे सांगणारी मी काही शहाणी नव्हे. 'इथे लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) धरून येऊ नका' ही कमेंट मी एकदा काढली होती, का, तर तिच्यात टायमर काढून टाकणाऱ्या फंक्शनचं 'डेल टायमर सिंक' हे जुनं नाव होतं. ६.२ पासून ते 'टायमर डिलीट सिंक' झालं. नाव बदललं, वागणं तेच: चालू असलेला कॉलबॅक (टायमरची वेळ झाली की चालणारं फंक्शन) संपेपर्यंत ते थांबून राहतं. कॉलबॅकलाही तेच लॉक हवं असलं की दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. चार महिन्यांनी टीममधल्या एका मुलीनं ती टायमर काढणारी ओळ लॉकच्या आत सरकवली आणि मशीन गोठलं. बोलणी तिनं खाल्ली. कुठली ओळ कोणी लिहिली ते दाखवणाऱ्या गिट ब्लेममध्ये माझं नाव दिसायचं कारणच नव्हतं, कारण काढून टाकलेली ओळ तिथे दिसत नाही.

आणि हो, ५ची दुरुस्ती वेगळ्या पॅचमध्ये पाठवा. 'फक्त कमेंट काढल्या' असा मथळा पाहिला की रिव्ह्यूवाले आत डोकावतही नाहीत.