अठरा पूर्ण झाल्यावर कॉलेजचं काय? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात शिकवतो, एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) कामपण माझ्याकडेच आहे. जवळच्या एका बालगृहात आम्ही दरवर्षी दिवाळीत फराळ घेऊन जातो. यंदा तिथल्या अधीक्षक मॅडम म्हणाल्या की सर, फराळ खूप येतो, त्यापेक्षा आमची बारावीची पोरं कॉलेजात टिकतील असं काहीतरी करा. मागच्या वर्षी दोघांनी ॲडमिशन घेतली आणि दिवाळीच्या आतच सोडून दिली. अमेरिकेत युनिव्हर्सिटीच अशा मुलांना मेंटर, म्हणजे सोबत राहणारा मार्गदर्शक, देते असं मी कुठंतरी वाचलं. आपल्याकडे जमेल का? सुरुवात कुठून करू? (सातारा)

उत्तर : सर, मॅडमनी नेमकं दुखणं सांगितलंय. ॲडमिशनपर्यंत सगळे असतात हो. संस्थावाले असतात, फी भरणारा देणगीदार असतो, पेपरात फोटो येतो. मग ऑगस्टमध्ये पोराला प्रॅक्टिकलचं जर्नल म्हणजे काय ते कळत नाही, मेसचे पैसे थकतात, वर्गात कुणी विचारतं तुझे पप्पा काय करतात, आणि तेव्हा मात्र फोन करायला कुणी नसतं. त्यामुळं तुम्ही जे काय सुरू कराल ते एफवाय संपेपर्यंत चाललं पाहिजे, ही पहिली अट. ते जमणार नसेल तर फराळच बरा.

अमेरिकेतलं थोडं सांगते. तिकडे ज्यांना फॉस्टर यूथ म्हणतात ती मुलं बहुतेक करून कोर्टाच्या हुकुमानं दुसऱ्या कुटुंबात राहतात, आपल्यासारखी मोठ्या संस्थेत कमी. पण अठराच्या आसपास पायाखालची जमीन सरकते ते दोन्हीकडे सारखंच. शिकागो युनिव्हर्सिटीच्या लोकांनी तीन राज्यांतल्या अशा मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवला, तर सव्विसाव्या वर्षी जेमतेम ८ टक्के मुलांकडे दोन किंवा चार वर्षांची डिग्री होती. बरं पैसा नाही म्हणून असंच नाही, केंद्र सरकारचं वर्षाला ५००० डॉलरपर्यंतचं शिक्षणाचं व्हाउचर तिथं आहे. मग काही युनिव्हर्सिट्यांनीच हे काम अंगावर घेतलं. कॅलिफोर्नियात फुलरटनला १९९८ मध्ये गार्डियन स्कॉलर्स सुरू झालं. मिशिगनमध्ये वेस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटीत २००८ पासून सीटा स्कॉलर्स आहे, तिथं कॅम्पसवर पगारी कोच असतात, पोरगं नापास झालं, आजारी पडलं, रूममेटशी भांडलं तरी त्याच माणसाकडे जायचं. आणि पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीचा बेटर फ्युचर्स नावाचा प्रयोग मला सगळ्यात कामाचा वाटतो, कारण तो कॉलेजच्या आधीच सुरू होतो. शाळेच्या शेवटच्या टप्प्यातल्या मुलांना उन्हाळ्यात काही दिवस कॅम्पसवर राहायला बोलवायचं, मग पुढचे काही महिने थोडा मोठा, कॉलेजात असलेला आणि शक्यतो तशाच परिस्थितीतून आलेला कोच प्रत्येकाला भेटत राहणार, मधूनमधून सगळ्यांचं वर्कशॉप. कोच उपदेश करत नाही, काय करायचं ते मुलानं ठरवायचं आणि फोनही मुलानंच करायचा, कोच फक्त शेजारी बसणार.

हे साताऱ्यात जमणार नाही असं कोण म्हणेल? कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९२४ ला इथंच बोर्डिंग काढलं, सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला बसवली, आणि मोठ्या पोरांनी लहानांना सांभाळायचं ही रीत त्यातच आली. कमवा आणि शिका करून शिकलेली पोरं आजही तुमच्या स्टाफरूममध्ये सापडतील. मेंटर म्हणून पहिल्यांदा त्यांना आणि टीवाय-एमएस्सीच्या होस्टेलवरच्या पोरांना विचारा. एनएसएसचे वर्षाचे १२० तास भरायचेत म्हणून आलेली पोरं नकोत, वाईट म्हणून नाही, पण तास भरले की ती जाणार आणि मागं राहणाऱ्या पोराला आणखी एक माणूस सोडून गेला एवढंच कळणार. मेंटरिंगवर अमेरिकेत अभ्यास झालेत, त्यात वर्षभर टिकलेल्या जोड्यांचा मुलांना चांगला फायदा दिसला आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट कमी झालेला दिसला. म्हणून चारच मेंटर मिळाले तर चारच मुलं घ्या. अकरावीच्या मे महिन्यापासून एफवायच्या दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत थांबायची तयारी आहे का हे आधी स्पष्ट विचारा, आणि टीवायचा मेंटर मध्येच पास होऊन पुण्याला गेला तर पुढं कोण हेही तेव्हाच ठरवून टाका.

परवानगीशिवाय एक पाऊल टाकू नका. अशा मुलांबद्दल निर्णय घेणारी बाल कल्याण समिती आणि सरकारचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष, दोघांना लेखी द्या, प्राचार्यांच्या सहीनं. आणि फोटो अजिबात नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ मध्ये अशा मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कॉलेजच्या फेसबुक पेजवर उपक्रम टाकायची खाज सगळ्यांना असते, ती आधीच मारा.

आता कागद. यात मेंटरचा खरा घाम निघतो. पोराचं आधार कार्ड असतं पण त्याला लिंक असलेला मोबाइल नंबर बऱ्याचदा संस्थेतल्या कुणाचा तरी असतो, सीईटीचा फॉर्म भरायला बसलं की ओटीपी तिकडे जातो आणि त्यांची बदली झालेली असते. दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, बँक खातं लहानपणी संस्थेनं जॉइंट काढलेलं. हे सगळं अकरावीतच सुधरून घ्या, बारावीच्या फेब्रुवारीत कुणालाच वेळ नसतो. आई-वडील दोघंही नसतील तर अनाथ प्रमाणपत्र काढायचं, अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे, सही विभागीय उपायुक्तांची. आपल्या राज्यात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे, पण कॅप राउंडला, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीला, कागद हातात नसेल तर त्याचा उपयोग शून्य. आणि २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सेससाठी मुलींना शंभर टक्के फी माफीचा जो निर्णय झाला त्यात अनाथ मुलंमुली दोघं आहेत हे अजून कित्येक कॉलेजांच्या क्लार्कलाच माहीत नसतं, जीआर प्रिंट काढून खिशात ठेवा.

अठरा झालं की संस्था सोडायची, पण कायद्यात त्यापुढंही सोय आहे. अनुरक्षण म्हणजे आफ्टरकेअर एकवीसपर्यंत मिळतं, खास परिस्थितीत आणखी दोन वर्षं, आणि मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून महिना ४००० रुपये. नियमात असंय की मूल बाहेर पडायच्या दोन महिने आधी त्याचा पुढचा आराखडा बाल कल्याण समितीपुढं गेला पाहिजे. तो आराखडा कुणी लिहिला, त्यात कॉलेजचं नाव आहे का, राहायचं कुठं ते आहे का, एवढं तुम्ही मॅडमना विचारा. नुसतं "स्वावलंबी होईल" असं लिहिलेलं असेल तर मुलाला शेजारी बसवून परत लिहायला लावा.

मुलाला शेजारी बसवून हे मुद्दाम म्हणतेय. आपल्या जिल्ह्यात पोरगं जरा उंच निघालं की भरतीला जा, मुलगी असली की नर्सिंगला घाला, विषय संपला. सैनिकांचं गाव म्हणून अपशिंग्याचा अभिमान मलापण आहे, पण ज्याला अकाउंट्स आवडतं त्याला का पळवताय पहाटे पाचला? मे महिन्यात दोन-तीन दिवस कॅम्पसवर आणा, लॅब दाखवा, लायब्ररीत बसू द्या, कँटीनला त्यांच्याच हातानं पैसे देऊन चहा घेऊ द्या, स्कॉलरशिपच्या खिडकीवर रांगेत उभं करा. संस्थेत वाढलेल्या पोरानं कधी स्वतः काही विकत घेतलेलं नसतं, कधी कुठल्या ऑफिसात एकटं गेलेलं नसतं, मार्क चांगले असूनही तिथंच अडतं.

आणि सुट्ट्या! दिवाळीत होस्टेल रिकामं होतं, मेस बंद होते, सगळी घरी जातात, हा कुठं जाणार? तुमची दोन पोरं दिवाळीच्याच सुमाराला का गळाली त्याचं उत्तर मला वाटतं यात असावं, मॅडमना विचारून बघा. अमेरिकेतल्या चांगल्या प्रोग्रॅममध्ये सुट्टीतही खोली उघडी ठेवतात. रेक्टरशी बोलून दोन खोल्या चालू ठेवता आल्या आणि जेवणाचं कुणाकडे तरी लावता आलं तर तुमचं अर्धं काम तिथंच झालं.

प्रश्न : ताई, माझी बहीण वारली, दाजी दुसरं लग्न करून मुंबईला गेले ते परत फिरकले नाहीत. भाची आठवीपासून माझ्याकडे आहे, आता अकरावी सायन्सला. सरकारच्या बालसंगोपन योजनेचे पैसे येतात. लोक म्हणतात तिला अनाथांच्या कोट्यातून ॲडमिशन मिळेल. खरंय का? मी सातवी शिकलेय, मला त्या फॉर्ममधलं काही कळत नाही. (मिरज)

उत्तर : मावशी, नाही मिळणार, आणि कुणी पैसे घेऊन काढून देतो म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. वडील हयात आहेत, मग ते विचारत नसले तरी कागदावर ती अनाथ धरत नाहीत. अन्याय वाटतो, आहेच, पण आज नियम तसा आहे. बालसंगोपनचे महिना २२५० पण ती अठराची झाली की बंद होतील, म्हणून आत्ताच जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन पुढं काय मिळू शकतं ते विचारून ठेवा, सांगलीला एक चक्कर पडेल पण करा.

तिच्यासाठी खरी वाट मुलींच्या फी माफीची आहे. ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) किंवा ईडब्ल्यूएसमध्ये (आर्थिक दुर्बल गट) बसत असेल आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सची फी माफ होते. अडचण येणार ती जातीच्या दाखल्याला, कारण त्याला वडिलांकडचे कागद लागतात. दाजींशी बोलायची इच्छा नसेल तर त्यांच्या गावच्या शाळेतून त्यांचा किंवा आजोबांचा दाखला मिळतो का बघा, चुलते वगैरे कुणी बरं बोलणारं असेल तर त्यांना धरा. हे आत्ता करा, बारावीच्या निकालानंतर तहसीलला पाय ठेवायला जागा नसते.

आणि फॉर्मचं म्हणाल तर तो तुम्ही भरायचा नाहीच, तिनंच भरायचा. तुम्ही तिच्या कॉलेजात जाऊन एखाद्या मॅडमना एवढंच म्हणा की माझ्या पोरीला सीनियर कॉलेजातली एखादी ताई जोडून द्या, आठवड्यातून एकदा बोलेल अशी. सांगलीत विलिंग्डन आहे, वालचंद आहे, मिरजेत मेडिकल कॉलेज आहे, शिकणाऱ्या पोरींची कमी नाही. मागायला लाजू नका.

प्रश्न : मी एका संस्थेत राहतो. बारावी कॉमर्स. जूनमध्ये अठरा पूर्ण होतील. कॉलेजात मी संस्थेतला आहे हे सगळ्यांना सांगावं लागेल का? शाळेत माहीत होतं तर स्नेहसंमेलनात स्टेजवर बोलवून वह्या द्यायचे. मला ते नको. (नाव-गाव छापू नये)

उत्तर : नाही सांगावं लागणार, आणि तुझं नाव-गाव आम्हीपण छापत नाहीये. ऑफिसात जिथं सवलतीचा फॉर्म आहे तिथं कागद द्यावा लागेल, तो बंद पाकिटात दे आणि क्लार्कला सांग की नोटीस बोर्डावर यादी लावताना माझ्या नावापुढं कारण लिहू नका. तुला तसं म्हणायचा हक्क आहे.

पण एका माणसाला मात्र सांग. सर असतील, मॅडम असतील, लायब्ररीतले काका असतील, जो तुला बरा वाटेल तो, पहिल्याच दिवशी नको, महिनाभर बघ आणि मग सांग. कारण कधीतरी फीची तारीख हुकेल किंवा ताप येईल, तेव्हा कुणाला तरी आधीपासून माहीत असलेलं बरं असतं. तुमच्याकडे कॉलेजची मुलं मेंटर म्हणून येत असतील तर एकाला धरून ठेव, आवडला नाही तर बदलून माग, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही.

वाढदिवस जूनमध्ये आणि कॉलेज सुरू होणार त्याच्या नंतर, तर मधले दिवस कुठं राहायचं हे आत्ताच अधीक्षकांना विचार. अनुरक्षणाचा अर्ज भरलाय का तेही विचार, नसेल भरला तर स्वतः लिहून दे आणि पोच घे. आधारला स्वतःचा नंबर जोडून घे, सिम तुझ्या नावावर निघेपर्यंत ज्याच्या नावावर आहे त्याचा नंबर दोन ठिकाणी लिहून ठेव. बीकॉमच करायचंय की दुसरं काही, ते पत्रात लिहिलं नाहीस, पुढच्या वेळी लिही.