नाशिकमधल्या चर्चमध्ये मुलांना बायबल कसं शिकवतात? नुसतं पाठ करून घेतात का?

तुम्ही विचारलंय की मुलीला शेजारच्या मैत्रिणीबरोबर मे महिन्यातल्या बायबल वर्गाला जायचंय; तिथे नक्की काय शिकवतात, वचनं घोकून घेतात का, आणि धर्म बदलायला सांगतात का. मी नाशिकच्या एका मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 19 वर्षं शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा बायबल वर्ग) घेते. माझ्या मंडळीपुरतं सांगते.

पाठांतर आहेच. दर रविवारी मुलांना एक सोनेरी वचन, म्हणजे बायबलमधली एक निवडक ओळ, मिळतं आणि पुढच्या रविवारी ते म्हणून दाखवायचं असतं. मी स्वतः अशीच वाढले. बायबलमधलं तेविसावं स्तोत्र बिनचूक म्हटलं म्हणून मला कंपासपेटी मिळाली होती, पण त्यातल्या मेंढपाळाच्या हातात काठी आणि आकडी अशा दोन वस्तू का, हे मला कोणी विचारलं नाही. मीही कोणाला विचारलं नाही. पाठ केलेलं पुढे अडीअडचणीला उपयोगी पडतं, म्हणून ते सोडायचं नाही असं माझं ठाम मत आहे. फक्त आता आमच्याकडे एक नियम आहे: वचन सुटं घ्यायचं नाही. त्याच्या मागचं-पुढचं वाचायचं आणि आधी विचारायचं, हे कोण बोलतंय आणि कोणाला?

एक उदाहरण देते. यिर्मया 29:11 हे वचन तुम्ही ख्रिस्ती घरांतल्या कॅलेंडरवर पाहिलं असेल. तुमच्यासाठी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, असं देव म्हणतो. परीक्षेच्या आधी, नोकरीच्या मुलाखतीच्या आधी लोक ते म्हणतात. पण तो एका पत्राचा भाग आहे. इ.स.पूर्व 597 मध्ये यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलोनला) पकडून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मया संदेष्ट्याने ते लिहिलं. त्याच्या आधीच्याच वचनात 70 वर्षांची मुदत आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. आणि त्याही आधी त्यांना सांगितलंय की परक्या शहरात घरं बांधा, मळे लावा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आठवीतल्या मुलांसमोर हे सगळं ठेवलं की वर्ग शांत होतो. वचन लहान होत नाही, उलट जड होतं.

नाशिकमध्ये शिकवण्याचा एक मोठा फायदा म्हणजे द्राक्षं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या वृत्तांताच्या, 15 व्या अध्यायात येशू म्हणतो, मी खरा द्राक्षवेल आहे. फळ देणारा फाटा माझा पिता आणखी फळासाठी साफ करतो. मूळ ग्रीकमध्ये इथे छाटण्यासाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ स्वच्छ करणं असाच आहे. हे मी पुस्तकातून शिकले आणि मुलांना शिकवलं. तेव्हा दिंडोरीकडची एक मुलगी म्हणाली, "टीचर, कोणती छाटणी? एप्रिलची खरड छाटणी की ऑक्टोबरची?" मी म्हटलं, काय फरक पडतो? तिने समजावलं: खरड छाटणीनंतर बाग बोडकी होते, पण तेव्हा फळ धरायचं नसतं, नुसती काडी तयार होते. फळ येतं ते ऑक्टोबरच्या छाटणीवर, आणि तेही त्याच काडीवर. येशूच्या देशातली छाटणी नाशिकसारखी नव्हती, हे मी तिला सांगितलं. तरी तिचं म्हणणं माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. एखादा घाव बसतो आणि त्या हंगामात फळ काहीच दिसत नाही, हे मी इतकी वर्षं शिकवलंच नव्हतं.

तसाच मत्तयाच्या 20 व्या अध्यायातला मजुरांचा दाखला. दिवसभर राबलेल्याला एक दिनार आणि शेवटच्या तासाला आलेल्यालाही एकच. पेठ-सुरगाण्याहून बागांच्या कामाला आलेली माणसं नाक्यावर उभी राहतात, ती आमच्या मुलांनी पाहिलेली आहेत. मुलं भांडतात, हा अन्याय आहे म्हणतात. मी त्यांना भांडू देते. दाखल्यातले सकाळचे मजूरही हेच भांडण करतात.

माझी चूकही सांगते. 2014 च्या गारपिटीत बाग गेलेल्या घरातला एक मुलगा वर्गात गप्प बसला होता. मी त्याला लगेच रोमकरांस पत्रातलं वचन सांगितलं, सर्व गोष्टी मिळून कल्याण करतात हे. तो पुढचे दोन रविवार आला नाही. नंतर त्याच्या आईकडून कळलं की वडिलांच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलेल्या पोराला ते वचन थप्पड वाटलं होतं. तो परत आला तेव्हा आम्ही तेरावं स्तोत्र वाचलं. त्याच्या सुरुवातीलाच "कोठवर?" असा प्रश्न देवाला चार वेळा विचारलेला आहे. "असं देवाला बोललेलं चालतं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, बायबलमध्येच छापलंय बघ.

सगळीकडे अशीच पद्धत असते असं नाही. कॅथलिक चर्चमध्ये रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने ठरलेली असतात. काही मंडळ्यांत पाळक (चर्चचे धर्मगुरू) बायबलमधलं एकच पुस्तक ओळीने महिनोन्‌महिने शिकवतात. शिकवणीची ही परंपरा नाशिकमध्ये जुनी आहे: इथल्या शरणपूरची वसाहत ख्रिस्ती मिशनऱ्यांनी 1854 मध्ये वसवली. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली. त्यांच्यातल्याच जेकब वेनराइटने 1873 मध्ये, मिशनरी आणि संशोधक लिव्हिंग्स्टनचं हृदय आफ्रिकेत पुरलं तेव्हा, प्रार्थना वाचली. वाचायला येणं हा या शिकवणीचा पाया आहे, म्हणून आजही आम्ही अडखळत वाचणाऱ्या मुलाला मध्येच थांबवत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. मेच्या वर्गात गाणी, गोष्ट, वचन, कागदकाम आणि सरबत असतं. येशूची गोष्ट आम्ही विश्वासाने सांगतो, ती केवळ गोष्ट म्हणून सांगत नाही, हे तुम्हाला आधीच माहीत असावं. पण आई-वडिलांच्या परवानगीशिवाय आम्ही कोणाचं मूल बसवत नाही, आणि मुलाला घरच्या देवाबद्दल वाईट बोलायला शिकवणं मला पाप वाटतं. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः मागच्या बाकावर बसा. कोणीतरी तुमच्या हातात मराठी बायबल देईल. पान सापडलं नाही तर शेजारच्याला विचारा. ऐकताना काही खटकलं तर वर्ग संपल्यावर तिथेच टीचरला विचारा, मुलीच्या समोर विचारलंत तरी चालेल.