आधी इयत्ता ठरव, मग शिष्यवृत्ती

बाळ, सप्रेम आशीर्वाद.

पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलंस, मार्कही छान पडले, आणि तरी तुला शिक्षिकाच व्हायचंय, हे वाचून मला फार आनंद झाला. कर्नाटकातल्या आपल्या खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या मराठी शाळांना मुलांच्या घरची बोली कळणारी, गणित-विज्ञान मनापासून शिकवणारी माणसं हवीच आहेत. कोणती शिष्यवृत्ती जास्त पैसे देते, असं तू विचारलंस. त्याआधी मला सांग, तुला कितवीच्या वर्गावर उभं राहायचंय?

हे आधी ठरवायलाच हवं. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पहिली ते पाचवीच्या शिक्षकाला बी.एड. ही पात्रता चालणार नाही. त्या वर्गांसाठी पीयूसीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका, आहे. हायस्कूलला पदवी आणि बी.एड. लागतं. लहान मुलांत रमणाऱ्या मुलीने केवळ शिष्यवृत्तीत फी भागते म्हणून चार वर्षांचं जोड बी.एससी.-बी.एड. धरलं, तर चार वर्षांनी हाती पदवी असेल पण तिला हवा तो वर्ग मिळणार नाही. शेजारच्या पोरांना त्रिकोणमिती शिकवतेस म्हणून लिहिलंयस, त्यावरून तुझा ओढा हायस्कूलकडे दिसतो. तसं असेल तर पुढचं वाच.

पदवीची तीन आणि बी.एड.ची दोन अशी पाच वर्षं घालवण्यापेक्षा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम घे, त्यात पदवी आणि बी.एड. एकत्रच होतं. एक वर्षाचा खर्च वाचतो आणि कमाई वर्षभर आधी सुरू होते. माझ्या मते ही सगळ्यात मोठी शिष्यवृत्ती. असा अभ्यासक्रम असलेली म्हैसूरची प्रादेशिक शिक्षण संस्था एनसीईआरटीची, म्हणजे शालेय शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, आहे, १९६३ पासूनची, आणि आवारातच तिची स्वतःची शाळा आहे. अशा प्रत्येक संस्थेला राज्यं वाटून दिली आहेत: महाराष्ट्रातल्या कागलची मुलगी भोपाळच्या संस्थेच्या क्षेत्रात येते, कर्नाटकातल्या निपाणीची आणि तू मात्र म्हैसूरच्या, हे लक्षात ठेव. एकात्मिक अभ्यासक्रमाची एनसीईटी ही प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते, पण तिथलं शिकणं इंग्रजीतून असतं. बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात घरचं उत्पन्न पाहून फीत सवलत देतात. तिथेही अर्ज कर.

आता पैशाचं. तुझ्या प्रवर्गाची मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरची) शिष्यवृत्ती एसएसपी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायची. आपल्या भागात अर्ज अडतात ते नावापायी. आधारवर आडनाव शेवटी, मार्क्स कार्डावर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, बँकेत तिसरंच स्पेलिंग. ही तिन्ही नावं आत्ताच एकसारखी करून घे. आधार बँक खात्याला जोडलंय का, तेही बघ. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, काढून ठेव, त्यावरचा आरडी नंबर (दाखल्याचा क्रमांक) अर्जात लागतो. मंजूर झालेली रक्कमही उशिरा जमा होते, म्हणून पहिल्या सत्राचं हॉस्टेल आणि मेसचे पैसे घरून वेगळे काढायला लाव. आणि जी शिष्यवृत्ती घेशील तिच्या अटी सही करण्याआधी नीट वाच: मध्येच सोडल्यास पैसे परत करावे लागतात का, पुढे अमुक वर्षं नोकरी करण्याचं बंधन आहे का, दरवर्षी किती टक्के टिकवावे लागतात. वडिलांना शेजारी बसवून वाच.

कन्नडबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, याची मला काळजी वाटते. २०१५ च्या कायद्याने राज्यातल्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावीच लागते. शिक्षण खात्याची परिपत्रकं, प्रशिक्षणं, बैठका सगळं कन्नडमध्ये चालतं. मराठी शाळेतल्या शिक्षिकेला कन्नड उत्तम यायलाच हवं. वर्गखोली गळते हे तालुक्याच्या अधिकाऱ्याला त्याच्याच भाषेत ठणकावून सांगता आलं, तर त्या मराठी शाळेचं भलं होईल. म्हैसूरला गेलीस तर खोलीत कन्नड मुलगी असेल अशीच व्यवस्था माग.

अर्जात 'शिक्षक का व्हायचंय' असा प्रश्न येईल. तिथे राष्ट्र घडवण्याची वाक्यं लिहू नकोस, ती सगळेच लिहितात. पावसाळ्यात ओढा भरला की कोणत्या वाडीची मुलं शाळेला येत नाहीत, त्यांचा कोणता धडा बुडतो, ते लिही. त्रिकोणमिती शिकताना पोरं नेमकी कुठे अडतात आणि तू तेव्हा काय करतेस, ते लिही. निवडणाऱ्याला त्यातून तू दिसशील.

मजकूर तयार झाला की टाईप करायच्या आधी मला पाठव, मी वाचून खुणा करून देईन. आईला नमस्कार सांग.

तुझे,
सर