पहिली रायफल कोणाच्या मापाने घ्यावी?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी, सोळा वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा असे चौघे रेंजवर जाऊन नेमबाजी शिकू लागलो आहोत. सर्वांना मिळून .२२ लाँग रायफल काडतुसाची एकच बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घ्यावी, असा विचार आहे. खर्चाला मर्यादा आहे. सॅव्हेज मार्क टू, रुगर अमेरिकन रिमफायर आणि सीझेड ४५७ ही तीन नावे सतत कानावर येतात. यांतली कोणती घ्यावी? आणि अर्धस्वयंचलित रायफल न घेण्याचा आमचा निर्णय योग्य आहे का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. निर्णय योग्य आहे. अर्धस्वयंचलित रायफल प्रत्येक बारानंतर पुढचे काडतूस आपोआप भरते. बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये मात्र प्रत्येक बारानंतर मूठ उचलून बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, मागे ओढावा लागतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते, आणि बोल्ट पुढे ढकलून मूठ खाली बसवल्याखेरीज पुढचा बार उडत नाही. नवशिक्याला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. शिकवणाऱ्याला मात्र तोच हवा असतो, कारण तेवढ्या अवधीत मागची गोळी कुठे लागली आणि ट्रिगर दाबताना खांदा हलला का, याचा विचार करायला सवड मिळते. शिवाय बोल्ट मागे असेपर्यंत रायफल उडू शकत नाही, हे शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही दिसते. चार जणांच्या हातांतून फिरणाऱ्या रायफलीच्या बाबतीत ही लहान गोष्ट नव्हे.

काडतुसाची निवडही चांगली आहे. १८८७ पासून चालत आलेल्या या काडतुसाची नेहमीची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते आणि तिचा धक्का खांद्याला जेमतेम जाणवतो. पेट घेणारे रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेले असल्याने (अशा काडतुसाला ‘रिमफायर’ म्हणतात) वेगळी टोपी बसवावी लागत नाही आणि काडतूस स्वस्त पडते. त्याच कारणाने वापरलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही. मात्र ‘छोटे काडतूस’ म्हणून गाफील राहू नये. उंच कोनात सुटलेली ही गोळी एक किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते, म्हणून लक्ष्यामागे मातीचा भक्कम बांध हवाच.

आता त्या तीन नावांविषयी. तिन्ही रायफली विश्वासाच्या आहेत, आणि नवशिक्याच्या हातात त्यांच्या अचूकतेतला फरक कागदावर दिसणारही नाही. सॅव्हेजचा ट्रिगर घरच्या घरी हलका-जड करता येतो. रुगरला त्याच कंपनीच्या सुप्रसिद्ध १०/२२ रायफलीचे मॅगझिन चालते, आणि तिच्या दस्त्याचा, म्हणजे खांद्याला टेकवायच्या भागाचा, मागचा तुकडा बदलून गालाखालची उंची कमी-जास्त करता येते. सीझेडची घडण या तिघींत सरस, पण किंमतही वरची. मला विचाराल तर यांतली कोणती घ्यावी हा प्रश्न दुय्यम आहे. आपल्या धाकट्या मुलाला कोणती पेलेल, हा मुख्य प्रश्न आहे.

बहुतेक कुटुंबे इथेच चुकतात. रायफल वडिलांच्या खांद्याला लावून पसंत केली जाते. मग लांब दस्त्यामुळे मुलाचा हात ट्रिगरपर्यंत ताणला जातो, पुढचे वजन तोलण्यासाठी तो कमरेतून मागे झुकतो, मान पुढे काढून दुर्बिणीत डोळा घालू पाहतो आणि दहा मिनिटांत कंटाळतो. दोष त्याच्या नेमाचा नसतो, मापाचा असतो. दुकानात एक साधी परीक्षा करावी : रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करून घ्यावी, कोपर काटकोनात वाकवावे, दस्त्याचा मागचा भाग कोपराच्या खळगीत टेकवावा, आणि तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरपर्यंत सहज पोहोचते का, ते पाहावे. प्रौढांसाठीच्या दस्त्यात हे अंतर साधारण ३४ ते ३५ सेंटिमीटर असते. अकरा वर्षांच्या मुलाला बहुधा ३० च्या आसपासचे लागेल. आखूड दस्त्यावर मोठ्या माणसाला थोडे अवघडून का होईना, नेम धरता येतो. लांब दस्त्यावर लहान मुलाला तो धरता येत नाही. म्हणून आखूड नळीची, आखूड दस्त्याची, दस्त्यामागे पट्ट्या जोडून लांबी वाढवता येईल अशी रायफल घ्यावी. सुमारे ४० सेंटिमीटर नळीत या काडतुसाची दारू बव्हंशी जळून जाते, त्यामुळे आखूड नळीने फारसे काही गमावत नाही. जेमतेम सव्वा किलोची, एका वेळी एकच काडतूस घेणारी सॅव्हेज रास्कल मुलासाठी उत्तम आहे, पण ती चौघांची रायफल होऊ शकणार नाही.

उरलेला पैसा काडतुसांसाठी राखून ठेवावा. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. तीन-चार प्रकारच्या काडतुसांची एकेक पेटी आणून, ५० मीटरवर रायफल टेकवून, प्रत्येकी पाच-पाच गोळ्यांचे काही गट कागदावर मारून पाहावेत. ज्या पेटीच्या गटातली भोके सर्वांत जवळजवळ पडतील तीच पुढे घ्यावी. महाग तीच चांगली असे होत नाही. ध्वनीपेक्षा कमी वेगाची काडतुसे बहुधा अधिक एकसारखी चालतात. ५० मीटरवर नेम बसवलेली रायफल १०० मीटरवर जवळपास वीतभर खाली मारते, हेही लक्षात असू द्यावे.

दुर्बिणीची घाई नको; आधी उघड्या माशीवर, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या खुणेवर, हात बसू द्यावा. मात्र आपण निवडाल त्या प्रकाराला माशी असते का, हे पाहून घ्यावे, कारण काही रायफली केवळ दुर्बिणीसाठीच बनवतात. चष्मा आणि कानांचे संरक्षण चौघांनाही हवे. घरी बोल्ट, रायफल आणि काडतुसे तीन वेगळ्या कुलपांत ठेवावीत. परवाना आणि मुलांच्या वापराबाबत आपल्या इथला कायदा काय सांगतो, याची चौकशी पैसे देण्याआधी करावी.

प्रश्न : ट्रिगर दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज झाला, पण बार उडाला नाही. अशा वेळी काय करावे? आणि घरी रिकाम्या रायफलीचा ट्रिगर दाबून सराव केला तर चालतो का?

उत्तर : नळी लक्ष्याच्या दिशेलाच धरून तीस सेकंद थांबावे, कारण क्वचित बार उशिरा उडतो. नंतर बोल्ट मागे ओढून काडतूस बाजूला काढावे आणि त्याच्या कडेवर पिनेची, म्हणजे ट्रिगर दाबल्यावर काडतुसावर आदळणाऱ्या टोकाची, खूण पाहावी. खूण ठळक असेल तर दोष बहुधा काडतुसाचा. पुसट असेल तर पिनेवर मळ साचला आहे का, हे तपासून घ्यावे. याउलट आवाज दबका आला आणि कागदावर भोक दिसले नाही, तर पुढची गोळी मुळीच मारू नये. गोळी नळीत अडकलेली असू शकते. थांबून, रायफल रिकामी करून, बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का, ते पाहावे.

कोऱ्या सरावाबाबत रायफलीची माहितीपुस्तिका सांगेल तेच धरावे. रिमफायरमध्ये पिन कडेवर आदळते, आणि काडतूस नसेल तर काही रायफलींत ती थेट नळीच्या मागच्या धारेवर बसून तिथे खळगा पाडते. मग पुंगळ्या अडकू लागतात. जुनी रायफल घेतानाही बोल्ट काढून, बॅटरीच्या उजेडात ही धार आधी पाहावी.